लोकर हाताने कातायला शिकायचंय, ग्रुपमध्ये जाऊ की घरीच खटपट करत राहू?

गुंता_सोडवतेय

नमस्कार मंडळी. विणकाम मला बऱ्यापैकी येतं, स्वेटर, टोप्या, मोजे वगैरे, पण आपण स्वतः कातलेल्या लोकरीचं काहीतरी विणावं हे बरेच दिवस डोक्यात घोळतंय. म्हणून एक टकळी मागवली, ती लोंबकळत फिरणारी, आणि सोबत मेरिनो लोकर, धुऊन विंचरून लांब पट्टा केलेली मिळते ती. आणि व्हिडिओ लावून बसले. व्हिडिओतली बाई गप्पा मारत मारत कातते, हाताकडे बघत पण नाही, आणि इकडे माझं असं चाललंय की एकतर लोकर ओढलीच जात नाही, दोन्ही हातांची नुसती रस्सीखेच, आणि नाहीतर एकदम सुटते आणि टकळी धाडकन खाली. जो काही धागा म्हणून तयार होतोय तो मधेच केसाएवढा बारीक आणि मधेच करंगळीएवढा जाड. व्हिडिओ थांबवून, मागे नेऊन, हळू करून सगळं बघून झालं, पण ती जे करते ते मला दिसतंय आणि माझ्या हातात येत नाहीये.

तर आता मुद्दा. घरापासून जवळच हाताने कातणाऱ्यांचा एक ग्रुप आहे असं कळलंय, महिन्यातून दोनदा भेटतात, नवीन लोकांना या म्हणतात. पण फोटोंमध्ये सगळ्यांसमोर चरखे दिसतायत, वर्षानुवर्षं कातणारी माणसं वाटतायत, आणि त्यांच्यात मी ही गाठीगाठीची दोरी घेऊन बसणार म्हणजे उगीच कोणाचा तरी वेळ खाल्ल्यासारखं होईल असं वाटतं. शिवाय मी डावखुरी आहे, त्याने काही अडतं का? आणि जायच्या आधी चरखा घ्यावाच लागेल का? कोणी असा ग्रुप जॉईन केला असेल तर प्लीज सांगा, खरंच फरक पडतो का.

पीळ_पुरे_आता

ताई, ग्रुपचं इतर लोक सांगतीलच, मी आधी तुमच्या रस्सीखेचीचं बोलतो कारण ती ओळखीची वाटतेय. त्या पट्ट्याच्या टोकातून अगदी थोडे तंतू ओढून बाहेर काढा आणि टेबलावर सरळ ठेवा. मेरिनो असेल तर ते साधारण ६ ते १० सेंटीमीटर लांब भरतील. आता कातताना तुमच्या दोन हातांत अंतर किती असतं ते बघा. नवीन माणूस घाबरून दोन्ही हात अगदी जवळ जवळ धरतो, आणि मग काय होतं, एकाच तंतूचं एक टोक या हातात आणि दुसरं त्या हातात, ओढणार कसं? लोकर चांगली मजबूत असते, असं ओढून सुटत नाही. हात तंतूच्या लांबीपेक्षा थोडे जास्त लांब घ्या, आणि मुठीत आवळू नका, लोकर धरलेला हात सैल पाहिजे. बहुतेक लगेच सरकायला लागेल.

दुसरं कारण असू शकतं ते म्हणजे पीळ वर चढणं. पुढच्या हाताची चिमूट सुटली की पीळ धावत न कातलेल्या लोकरीत शिरतो आणि तिथे ती कुलूप लावल्यासारखी बंद होते. अशा वेळी ओढत बसायचं नाही. चिमटीच्या वर धागा उलट्या बाजूला थोडा फिरवायचा, पीळ निघतो, मग सरकते.

आणि तुटलं की वैतागून लगेच जोडायला जाऊ नका, तुटलेलं टोक आधी बघा. टोक मऊ, पिसारलेलं, तंतू एकमेकांतून घसरून बाहेर आल्यासारखं असेल तर पीळ कमी पडला. आणि धागा कडक झाला होता, स्वतःभोवती वेटोळी घालत होता आणि मग फटकन तुटला, तर पीळ जास्त झाला. दोन्हीचा उपाय बरोब्बर उलटा आहे, त्यामुळे हे न बघता नुसतं "जास्त फिरवा" म्हणणारे व्हिडिओ काही कामाचे नाहीत. जोडताना दोन्ही टोकं पिंजून मोकळी करायची, एकमेकांवर बोटभर ठेवायची आणि मग पीळ जाऊ द्यायचा. गाठ मारायची नाही, कधीच नाही.

एक अजून, मेरिनो सुरुवातीला का देतात लोकांना कळत नाही. मऊ लागते म्हणून खपते. बारीक तंतू, जाडी साधारण १८ ते २३ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन), आणि त्यामुळे पीळ पण जास्त मागते, नवशिक्याच्या टकळीला तेवढा द्यायला वेळच मिळत नाही. कॉरिडेल जातीच्या मेंढीची लोकर मिळाली तर बघा, २५ ते ३१ मायक्रॉन, तंतू लांब, हाताला धरून राहते.

सुतावरून_स्वर्ग

जा. सरळ जा. 😀

सविस्तर सांगायचं तर, व्हिडिओत एकच गोष्ट येत नाही आणि नेमकी तीच इथे लागते, ती म्हणजे ताण. धागा किती ताणून धरायचा, चिमूट किती घट्ट, हे दिसत नाही, ते हाताला कळावं लागतं. माझ्याकडे ग्रुपमधल्या एका आजींनी काय केलं, माझ्या चिमटीवर स्वतःची चिमूट ठेवली आणि म्हणाल्या आता तू काही करू नकोस, नुसतं जाणवून घे. त्यांनी धागा पुढे जाऊ दिला, थांबवला, परत जाऊ दिला. किती हलकं धरायचं असतं ते तेव्हा कळलं, मी तर नुसती आवळत होते.

वेळ खाल्ला वगैरे मनातून काढून टाका. कातणाऱ्या माणसाचे हात कामात असतात पण तोंड मोकळं असतं, आणि नवीन माणूस आला की त्यांना बोलायला विषय मिळतो, उलट तुम्हाला सोडणार नाहीत. खरा त्रास वेगळाच आहे, डावीकडची बाई एक सांगेल, उजवीकडची बरोबर उलटं सांगेल, आणि समोरचे काका दोघींना खोडून काढतील. तिघांचंही बरोबर असतं कारण तिघं तीन वेगळ्या प्रकारच्या लोकरीबद्दल बोलत असतात. सुरुवातीचे काही दिवस एकच माणूस पकडा आणि त्याचंच ऐका, बाकीच्यांना हो हो म्हणा.

फक्त आधी मेसेज करून विचारून घ्या की तिथे कोणी शिकवतं का नुसतं सगळे एकत्र बसून आपापलं कातत असतात. दोन्ही प्रकारचे ग्रुप असतात. नुसतं बसणारा असेल तरी जा, पण मग गेल्या गेल्या "मला धागा जोडायचं दाखवाल का" असं एक नेमकं काम घेऊन जा. नुसतं "मला काही येत नाही" म्हणालात की लोक पार मेंढी कातरण्यापासून सुरू करतात.

उगाच_कशाला

मी जरा वेगळं सांगतो, राग मानू नका. मी अशा एका ग्रुपमध्ये जात होतो आणि सोडला. तिथे निम्मा वेळ कोणी कोणता नवीन चरखा घेतला, कोणत्या लाकडाचा, किती वेटिंग आहे हेच चालायचं, आणि माझ्या साध्या टकळीकडे बघून "हो, सुरुवातीला ठीक आहे" असं म्हणायचे. कातण्यापेक्षा खरेदीच जास्त. सगळे ग्रुप असे नसतात हे मान्य, पण एकदा नुसतं बघायला जा, वर्गणी लगेच भरू नका. आणि बघायचं काय, तर लोकांच्या हातात कातलेली लोकर किती आहे आणि त्या लोकरीचं विणलेलं अंगावर किती जणांच्या आहे. अंगावर दिसलं तर ग्रुप चांगला.

सुतावरून_स्वर्ग

@उगाच_कशाला अंगावर दिसण्याची कसोटी आवडली. आमच्याकडे एक जण आहेत, त्यांच्या स्वेटरला एक हात कायम कमी असतो, तोही घालून येतात. 😂

टकळीवाला

"सुरुवातीला ठीक आहे" हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. अहो चरखा यायच्या आधी हजारो वर्षं जगातलं सगळं सूत टकळीवर कातलं गेलंय, सगळं म्हणजे सगळं. वायकिंगांच्या जहाजांना लोकरीची शिडं असायची, एकेका शिडाला किती मैल धागा लागत असेल विचार करा, आणि तो सगळा टकळीवरचा. युरोपात चरखा पोचलाच मुळी तेराव्या शतकाच्या आसपास. तेव्हा टकळी म्हणजे नवशिक्यांचं खेळणं नाही, पूर्ण हत्यार आहे.

मूळ प्रश्नाबद्दल, टकळी धाडकन पडते त्याचं कारण बहुतेक असं की तिचं फिरणं संपलं की ती थांबून राहत नाही, लगेच उलटी फिरायला लागते आणि तुम्ही दिलेला सगळा पीळ सोडवून टाकते. तुमचं लक्ष वरच्या हाताकडे असतं, खाली काय चाललंय दिसत नाही, आणि मग धप्प. यावर उपाय, सुरुवातीला दोन्ही कामं एकदम करायचीच नाहीत. टकळी फिरवायची, पीळ भरू द्यायचा, मग ती दोन गुडघ्यांत दाबून धरायची आणि आता निवांत बसून लोकर ओढायची. साठलेला पीळ चिमूट ढिली करून थोडा थोडा वर सोडायचा. संपला की परत फिरवायची. दिसायला रटाळ आहे पण दोन हात एकेक करून शिकतात.

वजन पण बघा. पहिल्या टकळीला ४० ते ६० ग्रॅम बरं पडतं, तेवढ्यात धागा जरा जाड निघतो आणि तुटत नाही. हलकी टकळी लवकर थांबते, आणि फार जड असली तर बारीक धाग्याला तोडते. आणि चकतीचं वजन कडेला असेल तर ती हळू पण बराच वेळ फिरते, मध्यभागी असेल तर भर्रकन फिरून लगेच दमते. नवीन माणसाला कडेला वजन असलेली द्या. हे ग्रुपमध्ये चार जणांच्या चार टकळ्या हातात घेऊन बघता येतं, घरबसल्या फोटो बघून नाही कळत, त्यासाठी तरी जाच.

गुंता_सोडवतेय

अरे बापरे किती छान उत्तरं, सगळ्यांना मनापासून धन्यवाद!! @पीळ_पुरे_आता ते हातातल्या अंतराचं वाचलं आणि तशीच उठून करून बघितलं, सरकायला लागली हो लोकर!! अजून धागा जाडबारीक येतोय पण ओढाताण संपली. हे एवढं कोणत्याच व्हिडिओत का सांगत नाहीत? टोक बघायचं पण केलं, माझं प्रत्येक टोक पिसारलेलं, म्हणजे पीळ कमी. आता गुडघ्यात धरून करते.

ग्रुपला मेसेज केलाय. चरख्याचं मात्र कोणी बोललंच नाही, आणि डावखुऱ्याचं पण. घरात कापसाचा एक पेटी चरखा पडून आहे, त्यावर लोकर होईल का? म्हणजे तोच घेऊन जाते.

चाक_आणि_पाय

तुमचा पेटी चरखा कापसासाठी बनवलेला आहे. कापसाचा तंतू जेमतेम अडीच-तीन सेंटीमीटरचा, त्याला धरून ठेवायला भरपूर पीळ लागतो, म्हणून त्या चरख्यावर चाक एकदा फिरलं की चाती, म्हणजे सूत गुंडाळलं जातं ती टोकदार सळी, खूप वेळा फिरते. लांब तंतूच्या लोकरीला एवढा पीळ दिला की दोरखंड होतो. शिवाय एक हात चाक फिरवण्यात गुंततो, मग लोकर सांभाळायला एकच हात उरतो, ते पुढे येतं पण पहिल्याच दिवशी नको. लोकर पिंजून तिचे सैल पेळू करून त्यावर कातणारे लोक आहेत, अशक्य नाही, पण तुमच्या विंचरलेल्या पट्ट्यावर आत्ता करू नका.

पायाने चालवायचा चरखा आत्ता विकत घेऊ नका हे माझं स्पष्ट मत. बऱ्याच ग्रुपकडे एखादा जास्तीचा असतो, वापरायला देतात, विचारा. आणि मिळाला तर पहिला अर्धा तास लोकरीला हातच लावू नका, नुसतं पाय मारायचं, चाक एकाच दिशेला, हळू, न थांबता, मग थांबवून परत त्याच दिशेला सुरू करायचं. चाक उलटं जाऊ न देता हळू चालवता आलं की मग लोकर. सगळे नवीन लोक फार जोरात पाय मारतात, मग पीळ ढीगभर चढतो, धागा आत खेचला जातो, हात घाबरतात, की मग पाय अजून जोरात! चरख्याला वेगवेगळ्या गती असतात, चाकाच्या एका फेऱ्यात धाग्याला किती पीळ पडतो त्याप्रमाणे, तर सगळ्यात हळू असेल ती मागून घ्या, ६ किंवा ८ ला १ अशी काहीतरी. धागा आत खेचणारा ब्रेक पण सैल करायला सांगा.

खुर्ची हात नसलेली घ्या, नाहीतर कोपरं आपटत राहतात. मोकळे केस आणि ओढणी चरख्यापासून लांब. आणि लोकर पांढरी असेल तर मांडीवर गडद कापड टाकून बसा, धागा कुठे बारीक होतोय ते चटकन दिसतं.

डावा_उजवा

डावखुऱ्यांनो, घाबरू नका, मी पण तुमच्यातलाच. कोणता हात पुढे आणि कोणता मागे याचा धाग्याला काही फरक पडत नाही, धागा तुमचा हात बघत नाही, तो कोणत्या दिशेला फिरला तेवढंच बघतो. एकेरी धागा सहसा घड्याळाच्या दिशेने कातायचा आणि मग दोन धागे एकत्र करताना घड्याळाच्या उलट. बस्स, ही दिशा पाळा, हात कोणताही असू दे. टकळी डाव्या हाताने फिरवताना बोटं नैसर्गिकपणे उलटीकडे जातात तेवढं लक्ष ठेवा. एकाच धाग्यात दोन दिशा झाल्या की जिथे दिशा बदलली तिथे पीळ उलगडून धागा सुटतो, आणि मग माणूस लोकरीला दोष देत बसतो.

ग्रुपमध्ये गेलात की उजव्या हाताच्या शिक्षकाच्या शेजारी न बसता समोर बसा. आरशात बघितल्यासारखं सरळ उचलता येतं.

पीळ_पुरे_आता

विणणाऱ्या माणसासाठी एक भर घालतो. आत्ता जो एकेरी धागा होतोय त्याने थेट स्वेटर विणायला घेऊ नका, पीळ जिवंत असतो, विणलेलं कापड एका बाजूला तिरकं होत जातं. दोन पदरी करा. कसं दिसेल ते आधीच बघायचं असेल तर ताज्या कातलेल्या धाग्याचा हातभर तुकडा मधे सैल सोडा, तो आपणहून स्वतःभोवती गुंडाळून दुपदरी होतो, तुमची लोकर साधारण तशीच होणार. तो तुकडा कागदाला चिकटवून ठेवा आणि पुढचं कातताना अधूनमधून ताडून बघा.

दोन पदरी झाल्यावर लडी करून चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात वीसेक मिनिटं बुडवून ठेवा, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा आणि टांगा. चोळायचं नाही, नळाखाली धरायचं नाही. लोकरीच्या तंतूवर खवले असतात, गरम पाणी आणि घुसळणं एकत्र आलं की ते एकमेकांत अडकतात आणि मग त्याचा नमदा होतो, परत सुटत नाही. वाळल्यावर तुमचा जाडबारीकपणा निम्मा तरी लपलेला दिसेल.

उगाच_कशाला

आणि उरलेल्या जाडबारीकपणाला "आर्ट यार्न" म्हणायचं, तेच लोक जास्त पैसे देऊन घेतात.

गुंता_सोडवतेय

😂😂 ग्रुपचा रिप्लाय आला. टकळ्या जास्तीच्या आहेत म्हणाले, पायाचा चरखा पण एक आहे, नंबर लावावा लागतो. लोकर आपली आणा म्हणाले, पण न धुतलेली लोकर आणणार असाल तर आधी कळवा असं लिहिलंय. मला एका ओळखीच्यांनी मेंढीची लोकर अशीच पोतंभर देऊ केलीय, कातरलेली, न धुतलेली. ती नेऊ का? आणि आधी कळवा असं का म्हणत असतील?

चाक_आणि_पाय

कसर, म्हणून. कपडे खाणारे पतंग माहितीयत ना, खातो तो पतंग नाही, त्याची अळी खाते, आणि तिला घामट तेलकट लोकर जास्त आवडते. एका पोत्यातून आली की खोलीतल्या सगळ्यांच्या साठ्यात जाते, त्यामुळे लोक या बाबतीत फार कडक असतात आणि बरोबरच आहे. पोतं उघड्यावर एका चादरीवर पसरून बघा. जाळीसारखे धागे, वाळूसारखी बारीक विष्ठा, मधेच तुटलेले तंतू, यातलं काही दिसलं तर नाही म्हणा, फुकट असलं तरी. स्वच्छ वाटली तरी हवाबंद पिशव्यांत भरून घरातल्या लोकरीच्या कपाटापासून लांब ठेवा. डीप फ्रीझर असेल तर उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवून मग काढा, पिशवी बंद ठेवूनच.

पहिल्या भेटीला ती नेऊच नका, तुमची मेरिनोच न्या. फार तर एक मूठभर नमुना बंद पिशवीत, कोणा जाणकाराला तंतूची लांबी आणि ताकद दाखवायला. ते काय करतील बघा, एक बट दोन्ही टोकांना धरून कानाजवळ नेऊन झटक्यात ताणतील. टण्ण वाजलं तर चांगली. चरचर आवाज आला किंवा मधे तुटली तर मेंढी मधे आजारी पडली असणार किंवा उपाशी राहिली असणार, तेवढ्या जागी तंतू कमजोर राहतो, आणि कातताना तो तिथेच तुटून सगळीकडे गोळे येतात. धुण्याच्या आधी हे करून घ्या, कारण पोतंभर लोकर धुणं म्हणजे दोन दिवसांचं काम आहे, आणि तेल-मळ गेल्यावर वजन निम्म्यावर पण येऊ शकतं.

गुंता_सोडवतेय

बट ताणून बघितली. वाजली, टण्ण नाही पण टक् असं. मूठभर घेऊन जाते शनिवारी, आणि ग्रुपला कळवते आधी.

टकळीवाला

"टक्" पण चालतं. चार-पाच वेगवेगळ्या ठिकाणच्या बटा घ्या, खांद्याकडची वेगळी आणि मागच्या पायाकडची वेगळी असते, मागची जाडीभरडी. सगळी एकत्र कालवू नका.